जुन्या करारावरचा संदेश ख्रिस्तापर्यंत कसा न्यावा: पितळी सापाचा उतारा

जुन्या करारावरचे संदेश बहुतेक वेळा दोन ठिकाणी फसतात. एक तर उताऱ्यातून नुसता बोध काढला जातो: कुरकुर करू नका, दाविदासारखे धीट व्हा. नाहीतर सगळा वेळ इस्राएलाच्या इतिहासात जातो आणि घड्याळ पाहून शेवटच्या दोन मिनिटांत प्रभू येशूचे नाव घेतले जाते. दोन्हींत ख्रिस्त काढून टाकला तरी संदेशाचे काही बिघडत नाही, आणि दुखणे नेमके तेच आहे. अम्माऊसच्या वाटेवर प्रभूने मोशे आणि संदेष्ट्यांपासून सुरुवात करून शास्त्रात आपल्याविषयी काय आहे ते उलगडून सांगितले (लूक २४:२७). तीच रीत एका उताऱ्यावर करून पाहू: गणना २१:४-९. वचने सहाच आहेत, पण पंचवीस मिनिटांना पुरून उरतात.

रविवारी बोलायचे असेल तर सोमवारी बसा आणि पहिले दोन दिवस योहान ३ उघडूच नका. उत्तर आधीच ठाऊक असले की उतारा नीट वाचला जात नाही. सहा वचने मोठ्याने तीनदा वाचा, मग मागचा विसावा अध्याय वाचा. मोशेची बहीण मिर्याम वारली, भाऊ अहरोन वारला, अदोम राष्ट्राने आपल्या देशातून वाट नाकारली. म्हणून लोक लांबचा वळसा घेत आहेत आणि त्यांचा धीर सुटला आहे. रोज मिळणाऱ्या मान्नाला ते ‘हलके अन्न’ म्हणतात. साप येतात, माणसे मरतात, मग ते मोशेकडे येऊन पाप कबूल करतात.

इथे पेन्सिलीने सातव्या आणि आठव्या वचनाखाली रेघ मारा. लोकांनी मागितले काय? साप आमच्यापासून दूर कर. देवाने दिले काय? खांबावर लावायला एक साप, आणि ज्याला डसला असेल त्याने त्याच्याकडे पाहावे एवढीच अट. साप निघून गेल्याचे उताऱ्यात कुठेच लिहिलेले नाही. हा फरक ज्याच्या नजरेतून सुटला त्याचा संदेश ‘प्रार्थना करा, संकट टळेल’ इथे जाऊन थांबतो.

बुधवारी योहान ३:१४-१५ घ्या. हा दुवा आपण जोडलेला नाही, प्रभूने स्वतः निकदेम या यहुदी धर्मशिक्षकाला सांगितलेला आहे, म्हणून त्यात जेवढे आहे तेवढेच घ्या. मोशेने साप उंच केला तसे मनुष्याच्या पुत्राला उंच केले जाणे भाग आहे, आणि विश्वास ठेवणाऱ्याला सार्वकालिक जीवन मिळते. उंच करणे, त्याची गरज, आणि विश्वासाने मिळणारे जीवन: जोड या तीनच. ‘उंच करणे’ म्हणजे वधस्तंभावरचे मरण, हे योहान १२:३२-३३ मध्ये स्पष्ट केले आहे, तेही वाचून दाखवा.

पुढे मोह होतो. खांब लाकडाचा होता, पितळ म्हणजे न्याय, सापाचे डोके म्हणजे अमुक. खांब कशाचा होता हे उतारा सांगतच नाही. अशा कल्पनांनी लोक माना डोलावतात, पण घरी जाताना त्यांच्या लक्षात वक्त्याची हुशारी राहते. मात्र एक प्रश्न कोणीतरी विचारणारच: पवित्र प्रभूची तुलना सापाशी कशी? त्यासाठी २ करिंथ ५:२१ आणि गलती ३:१३ तयार ठेवा. ज्याला पाप ठाऊक नव्हते त्याला आपल्यासाठी पाप असे केले गेले, तो आपल्यासाठी शाप झाला. खांबावर शिक्षेचीच प्रतिमा लावली होती, हे ध्यानात आले की तुलना खटकत नाही.

गुरुवारी लागूकरण, म्हणजे उतारा आजच्या जीवनाला कसा लागतो ते, लिहा. कुरकुरीचा बोध टाकून देऊ नका, पौलाने १ करिंथ १० मध्ये तो दिलाच आहे, फक्त तो मुख्य मुद्दा होऊ देऊ नका. दुसरी चूक अधिक सूक्ष्म असते: ‘विश्वास वाढवा, आणखी घट्ट धरा’ असे म्हणत सगळा भार पाहणाऱ्याच्या नजरेवर टाकणे. तापाने डोळ्यांसमोर अंधारी आलेल्या माणसानेही तिकडे पाहिले तर तो जगणार होता. वाचवणारी त्याची नजर नव्हती. आजारपण, कर्ज, घरातले व्यसन यांत बसलेल्या माणसाला हे सांगा. साप अजून आजूबाजूला असले तरी ख्रिस्ताकडे आजच पाहता येते.

आपल्याकडे दोन गोष्टींना वेगळी जागा द्यावी लागते. खांबावरचा साप म्हटले की मराठी माणसाला नागपंचमी आठवणारच. तिथे शेजाऱ्यांच्या सणावर टोमणे मारू नका, त्याऐवजी २ राजे १८:४ उघडा. देवाच्याच आज्ञेने केलेल्या त्या सापाला इस्राएल लोक पुढे धूप जाळू लागले, म्हणून हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. म्हणजे बोट आधी आपल्याकडे वळते. गळ्यातला क्रूस, आवडता पाळक, मंडळीची जुनी इमारत, यांपैकी कशाला आपण ख्रिस्ताच्या जागी बसवले आहे? दुसरी गोष्ट खेड्यातल्या मंडळीत, विशेषतः पावसाळ्यात, शब्दांत सांगावीच: साप चावला तर थेट सरकारी दवाखाना, प्रार्थना वाटेत करा. हा उतारा उपचाराची पद्धत शिकवत नाही.

शुक्रवारी वेळ वाटून घ्या: दहा मिनिटे गणना, दहा योहान, पाच लागूकरण. मग परीक्षा घ्या. कागदावरून ख्रिस्ताविषयीची सगळी वाक्ये खोडा. उरलेला संदेश तरीही धडपणे उभा राहत असेल तर पुन्हा बसा. पुनरुत्थानाचा उल्लेख आहे का तेही बघा. पितळी साप पितळीच राहिला, आपण ज्याच्याकडे पाहायला सांगतो तो जिवंत आहे.

नव्या करारात सरळ दुवा नसेल तिथे जपून जा. रूथचे पुस्तक वंशावळीतून पोचते (मत्तय १:५), लेवीय १६ इब्री ९ मधून, तर २२ व्या स्तोत्राचे सुरुवातीचे शब्द प्रभूने वधस्तंभावर स्वतःच उच्चारले. दुवा सापडलाच नाही तर ओढाताण करू नका. त्या उताऱ्यात माणसाची कोणती गरज उघडी पडते ते दाखवा आणि ती गरज ख्रिस्तात कशी भागते ते साध्या शब्दांत सांगा.

रविवारी उपासनेच्या सुरुवातीला वाचन गणना २१ चेच ठेवा आणि योहान ३ संदेशाच्या मध्यावर उघडायला लावा. वाचन करणाऱ्याला हे शनिवारीच कळवून ठेवा, नाहीतर तो आपण होऊन दोन्ही वाचून टाकतो.