इंदूरहून माचू पिचू: चार दिवसांच्या इन्का ट्रेलची तयारी

पेरूतला इन्का ट्रेल ही साधारण ४३ किलोमीटरची वाट आहे. ‘किलोमीटर ८२’ या ठिकाणी सुमारे २,७०० मीटरवर ती सुरू होते, ४,२१५ मीटरची खिंड ओलांडते आणि चौथ्या सकाळी २,४३० मीटरवरच्या माचू पिचू या इन्का साम्राज्यातल्या जुन्या नगरीला पोहोचते. आपलं इंदूर ५५० मीटरवर. इथे राहून पाय आणि दम तयार करता येतो, पण उंचीची सवय तिथे जाऊनच करावी लागते. म्हणून रजा मोजताना ट्रेकच्या आधीचे चार दिवस कापू नका. त्यापेक्षा एखादं शहर पाहायचं राहिलं तरी चालेल.

आधी परमिट. दिवसाला ५०० जणांनाच प्रवेश मिळतो आणि त्यात पोर्टर, स्वयंपाकी, गाईड सगळे धरलेले असतात. स्वतंत्रपणे जाता येत नाही, अधिकृत ट्रेक कंपनीमार्फतच जावं लागतं. मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम, त्याची सुरुवात आपल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीशी जुळते. पण याच तारखा लवकर भरतात, म्हणून किमान सहा महिने आधी बुकिंग करा. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद असते. परमिट पासपोर्टच्या नंबरावर निघतं आणि दुसऱ्याच्या नावावर होत नाही. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी नवा काढा, मग बुकिंग. नाक्यावर मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच चिकन, मासे, अंडी यांतलं काय चालत नाही ते एकेक लिहून कळवा.

सराव तीन महिने आधी सुरू करा. दुसऱ्या दिवशी सुमारे १,२०० मीटरचा चढ असतो. तीन मीटरचा एक मजला धरला तर ४०० मजले! त्यामुळे सपाट बागेत फेऱ्या मारून भागत नाही. आठवड्यातून तीनदा इमारतीचे जिने चढा: पहिल्या आठवड्यात २० मजले, मग दर आठवड्याला पाच-पाच वाढवा. महिन्याभराने पाठीवर पाच किलोची सॅक घ्या. लिफ्टने खाली येऊ नका. तिसऱ्या दिवशी हजारो दगडी पायऱ्या उतरायच्या असतात आणि चढात टिकलेली माणसं गुडघ्यांमुळे तिथे अडकतात, कारण उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर सतत ताण येतो आणि तो ताण पेलायची सवय उतरूनच होते. रविवारी रालामंडल किंवा जानापावला जा. शेवटच्या महिन्यात सलग दोन दिवस चाला. दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी चालणं हाच खरा सराव. बूट याच काळात वापरून मऊ करा. पायाची नखं कापलेली ठेवा, नाहीतर उतारावर ती बुटात आपटून काळी पडतात.

आता उंची. पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी आहे, पण तिथून विमान सुमारे सव्वा तासात थेट ३,४०० मीटरवरच्या कुस्को शहरात नेऊन टाकतं. उतरल्यावर कुस्कोत न थांबता गाडीने ओयांताइताम्बो या गावी जा. ते सुमारे २,८०० मीटरवर आहे. तिथे दोन रात्री, मग कुस्कोत दोन रात्री, आणि नंतर ट्रेक. पहिल्या दिवशी भरपेट जेवण आणि दारू टाळा. उंचीचा त्रास टाळण्यासाठीची डायमॉक्स गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर आणखी वर चढू नका. बसल्या जागी दम लागला, तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं तर रात्र असली तरी लगेच खाली उतरवा. सकाळची वाट पाहणं जिवावर बेतू शकतं.

पोर्टरकडे द्यायचं सामान बहुधा सात किलोपर्यंत, स्लीपिंग बॅग आणि मॅट धरून. म्हणजे कपड्यांना चारेक किलोच उरतात. घरच्या काट्यावर तोलून पाहा. जून-जुलैच्या रात्री तापमान शून्याजवळ जातं, म्हणून थर्मल, लोकरी टोपी, जाड जॅकेट आणि रेनकोट घ्या. सुती टी-शर्ट घामाने भिजून गार पडतात, ते नकोत. काठ्यांना रबरी टोपणं लावा, उघडी टोकं इन्कांच्या दगडांना इजा करतात. फेकून द्यायच्या प्लास्टिक बाटल्यांना बंदी आहे, त्यामुळे एकेक लिटरच्या दोन पक्क्या बाटल्या आणि ओआरएस ठेवा.

खिंडीच्या चढावर बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास ६० टक्के असतो. घाई केली की वीस पावलांवर थांबावं लागतं. तिसऱ्या दिवशी सायाकमार्का आणि विन्याय वायना या अवशेषांसाठी वेळ राखा. विन्याय वायनाचे डोंगरउतारावरचे टप्पे आणि पाण्याची कुंडं पाहायला तासभर तरी द्यावाच.

आणि एक लस. भारताच्या यादीत पेरू हा पीतज्वराचा (यलो फीव्हरचा) देश आहे. लशीचं कार्ड नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कार्ड लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी अधिकृत केंद्रात लस घ्या. वय साठच्या वर असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांशी आधी बोला. परतताना कार्ड चेक-इनच्या बॅगेत नको, पासपोर्टसोबत हाताशी ठेवा.