इंग्लंडच्या प्राथमिक शाळेत मुलाला जादा मदत हवी असेल तर

(हे फक्त इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत.)

भारतातलं अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड इथे चालत नाही, पण थेरपिस्टचे आणि डॉक्टरांचे अहवाल जरूर आणा. शाळेत नाव घालतानाच ते द्या. "आधी रुळू दे, मग सांगू" म्हणून लपवलं तर वर्ष वाया जातं. शाळा सगळं इंग्रजी न येण्यावर ढकलते आणि नियमाने निव्वळ इंग्रजीची अडचण ही 'विशेष गरज' धरली जात नाही. म्हणून मराठीतही बोलणं किंवा समजणं अडतं का, ते उदाहरणं देऊन लिहून द्या. घरातलं मराठी मात्र बंद करू नका. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही.

शाळेत भेटायचं ते सेन्कोला, म्हणजे विशेष गरजांचं काम पाहणाऱ्या शिक्षकांना. पहिली पायरी 'सेन सपोर्ट', म्हणजे विशेष गरजेसाठी शाळेनेच द्यायची मदत. यासाठी निदान लागत नाही. काय मदत, कोण देणार, आठवड्यातून किती वेळ, हे लेखी मागा आणि वर्षातून किमान तीनदा आढावा घ्या. तोंडी बोलणं झालं की त्याच दिवशी ईमेल करून ठेवा.

तेवढ्याने भागत नसेल तर ईएचसी प्लॅन, म्हणजे मुलाला शिक्षण, आरोग्य आणि देखभालीची कोणती मदत मिळणार याचा काउन्सिलने (स्थानिक प्रशासनाने) केलेला कायदेशीर आराखडा. 2014 च्या कायद्याने पालक स्वतः काउन्सिलकडे मुलाच्या गरजांच्या तपासणीचा अर्ज करू शकतात, शाळेची परवानगी लागत नाही. "शाळेने आधी 6,000 पौंड खर्च केले पाहिजेत" असं सांगतील. कायद्यात तशी अट नाही. मुलाला विशेष गरज असू शकते आणि प्लॅन लागू शकतो, एवढंच दाखवायचं असतं. तपासणी करणार की नाही याचं उत्तर 6 आठवड्यांत, अंतिम प्लॅन 20 आठवड्यांत. पुष्कळ काउन्सिल ही मुदत पाळत नाहीत, तेव्हा तारखा लिहून ठेवा आणि पाठपुरावा करा.

मसुदा आला की उत्तराला 15 दिवस मिळतात. खरी मेख विभाग 'एफ'मध्ये, जिथे मुलाला शिक्षणासाठी द्यायची मदत लिहिलेली असते. "स्पीच थेरपीचा लाभ मिळेल" हे वाक्य कुचकामी. "दर आठवड्याला 30 मिनिटं, स्पीच थेरपिस्टकडून, मुलाला एकट्याला" असं असेल तरच ते देणं काउन्सिलला बंधनकारक ठरतं. 'गरजेनुसार', 'शक्य तिथे' असले शब्द खोडायला लावा.

नकार आला तर पत्राच्या तारखेपासून 2 महिन्यांत, किंवा मध्यस्थीचं प्रमाणपत्र (मध्यस्थी सल्लागाराशी संपर्क केल्यावर मिळतं ते) मिळाल्यापासून 1 महिन्यात, जे नंतर येईल तोवर, ट्रिब्युनलकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अपील करता येतं. फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. अर्ज लिहायला प्रत्येक भागातली 'सेंडियास' सेवा फुकट मदत करते.

व्हिसाची धास्ती बाळगू नका: सेन सपोर्ट आणि ईएचसी प्लॅन 'पब्लिक फंड्स'मध्ये, म्हणजे बऱ्याच व्हिसांवर घ्यायला बंदी असलेल्या सरकारी मदतीत, मोडत नाहीत. अपंग मुलांसाठीचा डीएलए भत्ता मात्र मोडतो. व्हिसावर ती बंदी लिहिलेली असेल तर इमिग्रेशन सल्लागाराला विचारल्याशिवाय त्याचा अर्ज भरू नका.