हार्टवरचा पेपर तयार आहे, आता पाठवायचा कुठे?

जर्नल शोधायला पेपर पूर्ण लिहून होईपर्यंत थांबू नका, मुख्य रिझल्ट काय आला ते कळलं की त्याच आठवड्यात गाईडसोबत बसा. शब्दमर्यादा किती, टेबलं किती चालतात, हे प्रत्येक जर्नलचं वेगळं असतं आणि एकासाठी लिहिलेलं दुसऱ्यासाठी कापत बसण्यात दोन-दोन महिने जातात. मी बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात रेसिडेंट मुलांना आकडेवारीत मदत करतो, आणि दर वर्षी चवथीच्या आसपास कोणीतरी थेसिस घेऊन येतं नि विचारतं, "सर, इम्पॅक्ट फॅक्टर जास्त असलेलं एखादं सांगा ना." मी आधी उलट विचारतो, हे वाचून उद्या कोणाच्या कामात फरक पडणार आहे?

समजा तुमचा डेटा असा आहे की काणकोण, वाळपई, पेडणे इथल्या हॉस्पिटलात छातीत दुखतंय म्हणून पेशंट आला, ईसीजी किती मिनिटांत निघाला, थ्रोम्बोलाइज (गुठळी विरघळवायचं औषध देणं) कधी केलं, मग बांबोळीच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात तिथे, तो कधी पोचला. गोव्यात स्टेमीचा, म्हणजे मोठ्या हार्ट अटॅकचा, प्रोग्राम असल्यामुळे असा डेटा आपल्याकडे निघू शकतो आणि तो खरंच मोलाचा आहे. आता हा वाचायला कोणी हवा? कुडाळ, कारवारच्या हॉस्पिटलातला ड्युटीवरचा डॉक्टर हवा असेल तर कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाचं इंडियन हार्ट जर्नल सरळ डोळ्यासमोर येतं, ते ओपन ॲक्सेस आहे, कोणीही फुकट वाचू शकतो. पण तुमचा मुद्दा सगळी व्यवस्था कशी चालते, उशीर नेमका कुठल्या टप्प्यावर होतो असा असेल, तर सर्क्युलेशन या जर्नलच्या घरातलं कार्डिओव्हॅस्क्युलर क्वालिटी अँड आउटकम्स आहे, ते अशाच प्रश्नांसाठी काढलंय. पेसमेकर किंवा रिदमचं काम असेल तर इंडियन पेसिंग अँड इलेक्ट्रोफिजिऑलॉजी जर्नल, लहान मुलांचं असेल तर ॲनल्स ऑफ पेडिॲट्रिक कार्डिऑलॉजी बघा. एकच दुर्मिळ केस असेल तर मोठ्या जर्नलांचे दरवाजे ठोठावण्यात वेळ घालवू नका, त्यासाठी जॅक केस रिपोर्ट्स आणि युरोपियन हार्ट जर्नल केस रिपोर्ट्स अशी वेगळी जर्नल्सच आहेत.

नाव सुचत नसेल तर स्वतःच्या पेपरची रेफरन्स लिस्ट काढा, त्यात कुठलं जर्नल परत परत येतंय ते मोजा. मग त्या जर्नलचे मागच्या दोन वर्षांतले अंक उघडून बघा, एकाच सेंटरचे, तीनशे-चारशे पेशंटचे अभ्यास ते छापतात का? एकही सापडला नाही तर तुमचा पेपर रिव्ह्यूअरपर्यंत, म्हणजे तो तपासणाऱ्या तज्ज्ञांपर्यंत, पोचायच्या आधीच एडिटरकडून परत येण्याची शक्यता खूप, आणि त्यात तुमच्या कामाचा काही दोष नसतो. तिथेच पेपरच्या पहिल्या पानावर रिसीव्ह्ड आणि ॲक्सेप्टेडच्या तारखा छापलेल्या असतात, चार-पाच पेपरच्या तारखा वजा करून बघा म्हणजे उत्तर यायला साधारण किती महिने लागतात ते कळतं. ज्याची परीक्षा किंवा इंटरव्ह्यू तोंडावर असेल त्याने तर हे आधी बघावं.

इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे काय ते नीट समजून घ्या. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन्स (दुसऱ्या पेपरांनी घेतलेले संदर्भ) भागिले त्या दोन वर्षांतले मोजण्याजोगे लेख, बस. ही सरासरी आहे, आणि सरासरी थोड्या लेखांमुळे फुगते, उदाहरणार्थ युरोपियन हार्ट जर्नलमध्ये युरोपियन सोसायटीच्या गाईडलाईन्स छापून येतात आणि जगभर सगळे त्या साईट करतात. त्याच जर्नलमधल्या साध्या लेखाला तेवढी सायटेशन्स मिळतील असं काही नाही. त्यामुळे ४.१ आणि ४.६ मधल्या फरकावर गाईडशी वाद घालू नका.

आता खोट्या जर्नलांबद्दल, हे मनापासून सांगतोय. माझ्या पहिल्या पेपरच्या वेळी एक गोड मेल आली, प्रोफेसर म्हणून संबोधलेलं, मी तेव्हा प्रोफेसर नव्हतोच. पाठवला, चार दिवसांत ॲक्सेप्ट, रिव्ह्यूअरची एक ओळ कमेंट नाही, आणि लगेच पैशाची मागणी. शंका आली म्हणून पेपर परत मागितला तर परत घ्यायचेही पैसे मागितले, आणि तोवर तो त्यांच्या साईटवर चढलेला. एकदा कुठेही छापलं की दुसरं चांगलं जर्नल घेत नाही, दोन वर्ष वॉर्डात फिरून गोळा केलेला डेटा तिथेच अडकला. ज्या पेशंटनी सही करून आपली माहिती दिली त्यांचं काय, हे अजून टोचतं. २०१३ मध्ये सायन्स मासिकाने मुद्दाम चुका भरलेला एक बनावट पेपर ३०४ ओपन ॲक्सेस जर्नलांना पाठवून बघितला होता, त्यातल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी तो ॲक्सेप्ट झाला. म्हणून साईट चकचकीत दिसते यावर जाऊ नका, आयएसएसएन हा जर्नलचा ओळख नंबर कोणालाही मिळतो, गूगल स्कॉलरमध्ये दिसणं म्हणजे इंडेक्सिंग, म्हणजे पारखून सूचीत घेणं, नव्हे. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाका आणि मेडलाईनसाठी (त्यांची निवडक मेडिकल जर्नलांची सूची) सध्या इंडेक्स होतंय असं तिथे लिहिलंय का बघा. त्यांच्याच पबमेड या सर्चमध्ये एखादा लेख सापडला म्हणजे जर्नल मेडलाईनमध्ये आहे असं होत नाही. स्कोपस हा डेटाबेस आणि डीओएजे ही ओपन ॲक्सेस जर्नलांची डिरेक्टरी, यांतही स्वतः शोधा, जर्नलच्या साईटवरच्या लोगोवर विश्वास नको, आणि वेबपत्ता अक्षर न् अक्षर जुळवा कारण खऱ्या जर्नलच्या नावाने हुबेहूब खोटी साईट काढणारेही आहेत. यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, २०२५ मध्ये बंद झालीय, तेव्हा तिचा आधार आता नाही. प्रमोशनसाठी पेपर मोजायचा असेल तर एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशनच्या) चालू नियमात कुठले डेटाबेस धरलेत ते वाचूनच पुढे जा.

पैशाचं आधीच बोलून घ्या. मोठ्या प्रकाशकांच्या ओपन ॲक्सेस जर्नलची लेखकाने भरायची फी दोन-तीन हजार डॉलर किंवा त्याहून जास्त असते, रेसिडेंटच्या स्टायपेंडमधून ती भरू नका. सवलत मागायची असेल तर सबमिट करायच्या वेळीच मागा, ॲक्सेप्ट झाल्यावर बऱ्याच ठिकाणी ऐकत नाहीत. सबस्क्रिप्शनवाल्या, म्हणजे वाचणाऱ्याने पैसे भरायच्या, जर्नलमध्ये ओपन ॲक्सेसचा पर्याय निवडला नाही तर सहसा फी नसते. जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची योजना सुरू झाल्यामुळे सरकारी कॉलेजातल्यांना अशी हजारो जर्नल्स वाचायला मिळतात, पण म्हापशात स्वतःचं क्लिनिक चालवणाऱ्या डॉक्टरला ती सोय नाही. तुमचा वाचक तोच असेल तर ॲक्सेप्ट झालेली प्रत रिपॉझिटरीत, म्हणजे फुकट वाचता येणाऱ्या ऑनलाईन साठ्यात, कधी ठेवता येते तो नियम शोधा.

ट्रायल, म्हणजे पेशंटवर उपचार तपासायचा अभ्यास, असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (भारताची क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्री) नोंदणी झालेली हवी, चांगली जर्नल्स तो नंबर मागतात आणि मागाहून केलेली नोंद चालत नाही. हा प्रश्न जर्नल निवडताना सुटत नाही, सुरुवातीलाच सोडवावा लागतो.

शेवटी तीन नावं क्रमाने लिहून काढा, पहिलं थोडं उंच, दुसरं बरोबर मापाचं, तिसरं नक्की आवाक्यातलं. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचं, दोन जर्नलांना एकदम पाठवलंत तर दोन्हीकडून बाहेर जाल. रिजेक्ट आला तर रिव्ह्यूअरच्या कमेंट्सवर खरंच काम करा आणि महिन्याच्या आत पुढच्याला पाठवा, कारण पुढच्या जर्नललाही तोच रिव्ह्यूअर मिळू शकतो. त्याच प्रकाशकाच्या दुसऱ्या जर्नलला ट्रान्सफर करू का असं विचारलं तर त्या जर्नलची फी आणि इंडेक्सिंग तपासूनच हो म्हणा. आणि ही तीन नावं सगळ्या को-ऑथरना आधीच मेलवर पाठवून त्यांचा होकार लेखी घेऊन ठेवा.