साउथ इंग्लंडला सुट्टीत चालायला जायचंय? गाडी नको, बसचं टाइमटेबल आणि भरतीची वेळ बघा

लंडनला येणाऱ्या आपल्या लोकांचा प्लॅन साधारण ठरलेला असतो. लंडन आय, टॉवर ब्रिज, मादाम तुसाँ, एक दिवस बाथ आणि स्टोनहेंज, मग स्कॉटलंड. दक्षिण किनारा राहूनच जातो. खरं तर व्हिक्टोरिया स्टेशनवरून ट्रेनने दीडेक तासात तुम्ही समुद्राच्या काठी पांढऱ्या कड्यांवर उभे असता, तिकीट नाही, रांग नाही, गाईड नाही. आई-बाबा आले असतील, पोरं बरोबर असतील किंवा सह्याद्रीत गड चढायची सवय असलेले मित्र असतील, सगळ्यांना जमेल असं काही ना काही इथे आहे, फक्त थोडं डोकं लावून ठरवायला लागतं.

पहिलं म्हणजे गाडी भाड्याने घेऊ नका. गावातले रस्ते इतके अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर रिव्हर्स घेत बसायचं, पार्किंग सकाळीच भरतं, आणि सगळ्यात मोठा तोटा हा की गाडी जिथे लावली तिथेच परत यावं लागतं, म्हणजे अर्धा दिवस आलेल्याच वाटेने उलटं चालण्यात जातो. किनाऱ्यावरची मजा एका गावातून दुसऱ्या गावात चालत जाण्यात आहे. एका स्टेशनवर उतरा, चालत पुढे जा, दुसरीकडून बस किंवा ट्रेन पकडून परत या. तिघं ते नऊ जण एकत्र असाल तर तिकीट काढताना ग्रुपसेव्ह निवडा, गर्दीची वेळ सोडून एक तृतीयांश सूट मिळते. दोघंच असाल तर टू टुगेदर रेलकार्ड, फक्त ते सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. आणि शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात, ट्रेनऐवजी बस लावतात, त्यामुळे आदल्या रात्री नॅशनल रेलच्या ॲपवर बघूनच झोपा.

एकच दिवस असेल तर डोळे मिटून सेव्हन सिस्टर्सला जा. खडूच्या कड्यांची ही रांग ससेक्समधे सीफर्ड आणि ईस्टबोर्नच्या मधे आहे. व्हिक्टोरियाहून लुईसला या, तिथे गाडी बदलून सीफर्ड. सीफर्ड ते ईस्टबोर्न सगळं चाललं तर २१-२२ किलोमीटर होतात, चांगली सवय असलेल्यांनीच करावं. बाकीच्यांनी ब्रायटन ते ईस्टबोर्न जाणारी १२ नंबरची बस पकडून एक्सीट नावाच्या स्टॉपला उतरायचं, तिथे व्हिजिटर सेंटर आहे, टॉयलेट आहे, आणि ककमिअर नदीचं नागमोडी खोरं समोरच दिसतं. आई-बाबांना गुडघ्याचा त्रास असेल तर खोऱ्यातला सपाट रस्ता समुद्रापर्यंत जातो, साधारण दोन किलोमीटर, एकही चढ नाही. ते तिथे गोट्यांच्या बीचवर बसून थर्मासमधला चहा पितील आणि तुम्ही वर जाऊन या, सगळ्यांचा दिवस चांगला जातो.

वर जाणाऱ्यांसाठी, एक्सीटवरून कड्यांवरून बर्लिंग गॅप साधारण सात किलोमीटर. नाव सेव्हन असलं तरी उंचवटे मोजले तर आठ भरतात. उंची ऐकून आपले ट्रेकर हसतात, कारण पुढे बीची हेड लागतं तो ब्रिटनमधला सगळ्यात उंच खडूचा समुद्रकडा आणि तो जेमतेम १६२ मीटर, कळसूबाई १६४६. पण इथे एकदा चढून विषय संपत नाही, प्रत्येक सिस्टर चढायची, उतरायची, परत चढायची, वर समुद्राचा वारा, तिसऱ्या-चौथ्या उतारानंतर हसणं बंद होतं. चालताना पश्चिमेकडून पूर्वेकडे या, म्हणजे एक्सीटवरून बर्लिंग गॅपकडे, कारण वारा बहुतेक वेळा नैऋत्येचा असतो आणि तो पाठीवर घेतलेला बरा. बर्लिंग गॅपला नॅशनल ट्रस्टचा कॅफे आहे, खाली बीचवर उतरायला जिना आहे, तो उघडा असेल तर खालून कडे बघून या. इथे थकलात तर आत ईस्ट डीन गावापर्यंत चालत जा, जेमतेम दोन किलोमीटर, तिथून १२ नंबरची बस मिळते. पाय शाबूत असतील तर पुढे बेल टूट लाइटहाऊस, मग बीची हेड आणि तिथून उतरून ईस्टबोर्न, तिकडून लंडनला थेट ट्रेन.

त्या बेल टूट लाइटहाऊसकडे जरा थांबून बघा. कडा झिजत झिजत इमारतीच्या जवळ आला म्हणून १९९९ मधे ती आख्खी इमारत तुळयांवरून १७ मीटर मागे सरकवली. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे कोकणकड्यावर पालथं झोपून खाली डोकावायची लोकांना सवय आहे, आणि ती सवय इथे जिवावर बेतेल. कोकणकडा बेसॉल्टचा आहे, हा खडू आहे, पाऊस आणि लाटांनी खालून पोखरला जातो आणि वरचं गवत तसंच पुढे लटकत राहतं, तुम्हाला वाटतं आपण जमिनीवर उभे आहोत, प्रत्यक्षात खाली हवा असते. बहुतेक ठिकाणी रेलिंग नाही, टोकापासून पाच मीटर तरी लांब राहा, आणि कोणी कडेला बसून फोटो काढतंय म्हणून आपणही जायचं नाही. खाली बीचवरही कड्याला टेकून डबा खाऊ नका, दरड न सांगता येते.

फोटोत नेहमी दिसणारी ती कोस्टगार्डची छोटी घरं आणि मागे पांढरे कडे, तो फोटो नदीच्या पलीकडून, म्हणजे सीफर्डच्या बाजूने येतो. लोक एक्सीटवरून पूर्वेच्या बाजूने समुद्रापर्यंत येतात आणि मग पलीकडे जायचं कसं विचारतात. मुखाजवळ पूल नाही, परत एक्सीटच्या पुलापर्यंत जाऊन दुसऱ्या काठाने यायला लागतं. फोटोच हवा असेल तर सरळ सीफर्ड स्टेशनवरून सीफर्ड हेडवरून चालत या, तासा-दीड तासाचं काम आहे.

आता भरती-ओहोटी. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण पुण्या-नागपूरच्या मंडळींसाठी सांगतो. कड्यांच्या खालून बीचवरून ककमिअर ते बर्लिंग गॅप चालत जाता येतं असं कोणीतरी सांगेल, ते फक्त ओहोटीला आणि मधे वर यायला एकही वाट नाही, पाणी चढलं की मागे कडा आणि पुढे समुद्र. पहिल्यांदा जाताय तर हा उद्योग करूच नका, वरूनच चाला. कुठल्याही बीचवर लांब जायचं असेल तर त्या दिवसाचं भरतीचं टाइमटेबल बघून ओहोटी लागत असताना निघा. अडकलातच तर ९९९ लावा आणि पोलीस किंवा ॲम्ब्युलन्स न मागता कोस्टगार्ड मागा. अजून एक गंमत, डोव्हरच्या बाजूला कड्यांवर फोन फ्रान्सचं नेटवर्क पकडतो, रोमिंगचं बिल लागतं आणि घड्याळही एक तास पुढे जातं, म्हणून तिथे रोमिंग बंद ठेवा, नाहीतर शेवटच्या बसचा हिशोब चुकेल.

ससेक्समधेच एक चाल अशी आहे जी मला वाटतं प्रत्येक भारतीयाने करावी, आणि आपले लोक तिथे फार कमी जातात. पहिल्या महायुद्धात ब्रायटनचा रॉयल पॅव्हेलियन हा राजवाडा जखमी भारतीय सैनिकांचं हॉस्पिटल होता. ब्रायटनच्या हॉस्पिटलांत जे हिंदू आणि शीख सैनिक वारले त्यातल्या ५३ जणांवर शहराबाहेर डाउन्सच्या, म्हणजे इथल्या खडूच्या टेकड्यांच्या रांगेतल्या, एका टेकडीवर अंत्यसंस्कार झाले, आणि त्याच जागी संगमरवराची छत्री उभी आहे, तिला इथेही छत्रीच म्हणतात. १९२१ मधे प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं, आणि शेजारी दगडावर त्या ५३ जणांची नावं आहेत, ती सावकाश वाचा. गाडी तिथपर्यंत जात नाही, चालतच जावं लागतं. लंडन-ब्रायटन लाइनवर हॅसॉक्सला उतरा, क्लेटन गावावरून चढून जॅक आणि जिल या दोन पवनचक्क्यांपाशी या, जिल पांढरी लाकडी आणि जॅक काळा, मग दक्षिणेकडे उतरत उतरत छत्री आणि तिथून पॅचम, पॅचमला ब्रायटनची सिटी बस मिळते. रमतगमत अर्धा दिवस. मधे उघडं माळरान आहे, पाणी आणि डबा बरोबर ठेवा.

दोन-तीन दिवस असतील तर डॉर्सेट. एक्समथपासून स्टडलंडपर्यंत ९५ मैलांचा किनारा २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहे, जुरासिक कोस्ट म्हणतात. सगळे जण धावतात डर्डल डोअरला, समुद्रातली ती दगडी कमान. लुलवर्थ कोव्हवरून तिथे जायचा चढ छोटा पण खडा आहे, अर्धा-पाऊण तास, जुलै-ऑगस्टच्या वीकेंडला मात्र तिथे जत्रा असते. कमानीवरून पाण्यात उड्या मारू नका, २०२० मधे तसं करून लोक गंभीर जखमी झाले होते. जवळचं स्टेशन वूल, पण तिथून लुलवर्थ आठेक किलोमीटर आणि बस मोजक्या, आधी वेळा बघून ठेवा नाहीतर टॅक्सी.

माझं विचाराल तर गर्दी टाळून ओल्ड हॅरी रॉक्स करा. बोर्नमथवरून ५० नंबरची बस घ्या, ती मधे बससकट फेरीवर चढून खाडी ओलांडते, पोरं खूश. स्टडलंडला उतरून ओल्ड हॅरीचे पांढरे सुळके अर्ध्या तासावर, वाट जवळपास सपाट, म्हाताऱ्या माणसांनाही जमते. मग टेकडीवरून पुढे स्वानेज, एकूण सहाएक किलोमीटर, आणि स्वानेजवरून तीच बस परत. स्वानेजवरून वाफेच्या इंजिनाची ट्रेन कॉर्फ कॅसलला जाते, पडका किल्ला आहे, गडप्रेमींनी सोडू नये.

लुलवर्थच्या पूर्वेला लष्कराची फायरिंग रेंज आहे. वाटा बहुतेक वीकेंडला आणि ऑगस्टमधे उघड्या असतात, लाल झेंडा दिसला तर परत फिरायचं, आणि उघड्या असतानाही पिवळ्या खुंट्यांच्या मधूनच चालायचं, बाहेर न फुटलेले गोळे असू शकतात. आत टाइनहॅम नावाचं गाव आहे, १९४३ च्या डिसेंबरमधे लष्कराने रिकामं करून घेतलं, गावकऱ्यांना परत येऊच दिलं नाही. भिंती उभ्या आहेत, शाळा आणि चर्च जपून ठेवलंय.

कॉर्नवॉलबद्दल थोडक्यात. चार दिवस असतील तरच, कारण पॅडिंग्टनवरून पेन्झन्सला ट्रेनने पाच तासांहून जास्त लागतात. सेंट आइव्ह्ज ते झेनॉर दहाएक किलोमीटर दिसायला सोपं वाटतं पण सगळं दगड-गोट्यांतून, चार तास धरा.

नकाशा. गूगल मॅपवर पायवाटा नीट नसतात, त्यावर विसंबू नका. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचं ॲप घ्या आणि नकाशा आधीच डाऊनलोड करा, किंवा केशरी कव्हरचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, सेव्हन सिस्टर्ससाठी ओएल २५, पर्बेकसाठी, म्हणजे स्वानेज-ओल्ड हॅरीच्या भागासाठी, ओएल १५. वाटेवर पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जायची वाट, निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलीही येणार, नॅशनल ट्रेल म्हणजे लांब पल्ल्याच्या अधिकृत पायवाटांवर ओकच्या फळाचं चिन्ह असतं. वाट कोणाच्या तरी शेतातून, उभ्या पिकातून जाते तेव्हा आपल्याला संकोच वाटतो, पण बाण तिथूनच असेल तर तो कायदेशीर हक्क आहे, बिनधास्त जा, फक्त एकामागे एक. फाटक जसं होतं तसं ठेवायचं, बंद होतं तर बंद. गाईंना आपल्या गावाकडच्या गाईंसारखं समजून हात लावायला जाऊ नका, विशेषतः वासरू बरोबर असेल तर लांबून वळसा घाला. उंच गवतातून चालल्यावर रात्री पाय नीट तपासा, गोचीड असते, तिच्यातून लाइम डिसीज होऊ शकतो, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची.

बूट ग्रिपवाले हवेत, ओला खडू शेवाळलेल्या घाटासारखा घसरतो. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. छत्री वाऱ्यात टिकत नाही, पातळ रेनकोट बेस्ट, आणि जूनमधेही एक स्वेटर बॅगेत टाका. खाण्याचं म्हणाल तर थेपले, दशम्या, चिवडा सोबत ठेवाच, कारण गावातल्या पबचं किचन दुपारी अडीचच्या सुमाराला बंद होतं ते थेट संध्याकाळी उघडतं, आणि रविवारी बुकिंग नसेल तर टेबल मिळणं मुश्किल. ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची. शाकाहारी असाल तर जॅकेट पोटॅटो किंवा चीज-अनियन पेस्टी, सूप कशात शिजवलंय ते विचारून घ्या.

कधी जायचं, तर मे-जून माझ्या मते सगळ्यात चांगला. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत जंगलात ब्लूबेल्स ही निळी रानफुलं असतात आणि जूनमधे रात्री नऊनंतरही उजेड, त्यामुळे बस चुकली तरी पुढच्या बसपर्यंत अंधार पडत नाही. हिवाळ्यात चार वाजता सूर्य मावळतो, तेव्हा आठ किलोमीटरच्या वर प्लॅन करू नका आणि दुपारी एकला तुम्ही अर्ध्याच्या पुढे नसाल तर परत फिरा. लंडनहून निघताना परतीच्या शेवटच्या दोन बसच्या वेळा कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण ककमिअरच्या खोऱ्यात रेंज जाते आणि रविवारचं टाइमटेबल वेगळं असतं.