सव्वा महिन्यातली झोप: आमच्या घरातल्या या चुका टाळा

पहिले दहा दिवस आमच्या लेकीची झोप मीच मोडत होतो, हे मला अकराव्या दिवशी कळलं. बाळंतपण बायकोच्या माहेरी, ठाण्यात नौपाड्याला होतं. ऐरोलीचं ऑफिस सुटलं की मी लोकलने तिकडेच मुक्कामाला जायचो. रात्री दोनला पोर कुंथायला लागायची, तोंड वेडंवाकडं करायची, हात झटकायची. मी दिवा लावून तिला उचलायचो. मग ती खरीच जागी व्हायची आणि पुढचा दीड तास सगळं घर जागं.

त्या रात्री सासूबाई अंधारातूनच म्हणाल्या, ‘‘अहो, थांबा जरा. सटवाई हसवतेय तिला.’’

सटवाईचं काम डॉक्टर वेगळ्या शब्दांत सांगतात. नवजात बाळाची साधारण निम्मी झोप ‘चळवळी’ असते. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, बाळ हसतं, कण्हतं, क्वचित एखादा हुंदकाही देतं, पण ते झोपलेलं असतं. असं एक आवर्तन तासाभराच्या आतच संपतं, आणि दोन आवर्तनांच्या मधे बाळ अर्धवट जागं होतं. नेमकं तेव्हाच आपण उचललं की झालं! म्हणून आवाज आला तर मिनिटभर नुसतं बघा. तोंड इकडेतिकडे वळवतंय, मूठ चोखतंय, तर भूक आहे, पाजायला घ्या. रडायला लागलं तर लगेच उचला. ‘रडू दे, सवय लागेल’ हा प्रकार या वयात चालत नाही.

रात्रीचा दिवस करणं

दिवस-रात्रीचं घड्याळ बाळ पोटातून घेऊन येत नाही. ते बसायला दोन-तीन महिने लागतात. दिवसभरात बाळ एकूण 14 ते 17 तास झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांत, कारण पोट चिमुकलं असतं आणि चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. त्यामुळे ‘रात्रभर झोपतं का?’ हा पाहुण्यांचा प्रश्न हसून सोडून द्या.

आम्ही उलटं करत होतो. दुपारी पडदे ओढून, कुकरची शिट्टीसुद्धा न होऊ देता घर चिडीचूप ठेवायचो, आणि रात्री ऑफिस सुटल्यावर येणाऱ्या नातेवाइकांसाठी दहा वाजता ट्यूबलाइटखाली पोर हातोहात फिरायची. दिवसा खिडकी उघडी राहू द्या, गोखले रोडचे हॉर्न ऐकू येऊ देत. रात्री झिरोचा दिवा पुरे. पाजायचं, ढेकर काढायचा, शी केली असेल तरच लंगोट बदलायचं, गप्पा नाहीत. जागं होऊन तासभर झाला आणि बाळ जांभया देतंय, नजर वळवतंय, तर खेळवणं थांबवा. फार दमलेलं बाळ उलट जास्त चिडतं.

कुंची, टोपडं, मोजे आणि वर दोन दुपटी

ठाण्याच्या घामट हवेत हे सगळं कशाला? पण आमच्याकडे होतं. हातपाय गार लागले म्हणून बाळाला थंडी वाजतेय असं नसतं, मानेमागे किंवा छातीवर हात लावून बघा. तिथे घाम असेल तर एक थर काढा. घरात झोपताना टोपडं नकोच. पंखा चालतो, एसी 25च्या आसपास चालतो, फक्त झोत अंगावर नको.

दचकून उठत असेल तर पातळ दुपट्यात गुंडाळा, पण कमरेखाली सैल, पाय बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत. कुशीवर वळायची धडपड दिसली की गुंडाळणं बंद.

मोहरीची उशी

यावरून घरात सगळ्यात मोठा वाद झाला. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, बाळ पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना लोड. माया खरी, पण नाक झाकलं गेलं तर इतक्या लहान बाळाला मान फिरवून सुटता येत नाही. बाळ नेहमी पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, आजूबाजूला काहीही मऊ न ठेवता झोपवायचं. अमेरिकेत 1994 साली पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि नंतरच्या वर्षांत झोपेतले अचानक मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. डोकं चपटं होऊ नये यासाठी जागेपणी, समोर बसून, थोडा वेळ पोटावर ठेवा. झोळीत हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट दबते. दिवसा डोळ्यांसमोर असलं तरी झोप लागल्यावर सपाट जागी हलवा.

झोपेसाठी घुटीत जायफळ उगाळून देऊ नका. धुरी आणि डासांची कॉइलही नको, मच्छरदाणी लावा.

‘शांत आहे, झोपू दे’

जन्मवजन परत भरून येईपर्यंत तीन-चार तासांवर झोप गेली तर उठवून पाजा. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहापेक्षा कमी ओले लंगोट, उठवूनही न उठणं, दूध न ओढणं, वाढती कावीळ किंवा 100.4 फॅरनहाइट ताप यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा.

सोफा

ही चूक सांगायला मला लाज वाटते. विसाव्या दिवशी पहाटे चारला तिला छातीवर घेऊन मी हॉलमधल्या सोफ्यावर बसलो आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा ती माझा दंड आणि सोफ्याची पाठ यांच्या फटीत घसरली होती. ठीक होती, पण माझे हात तासभर थरथरत होते. बाळाला घेऊन सोफ्यावर झोप लागणं पलंगापेक्षाही धोक्याचं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही वाटणी केली: नऊ ते एक बायको झोपायची, मधल्या पाजण्यापुरती उठायची, ढेकर आणि लंगोट माझ्याकडे. एकनंतर सासूबाई. आणि रात्रीपुरत्या सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांच्या बादल्या, म्हणजे बसायला जागाच नको.