आधी गठ्ठा सुटू द्या, मग हातचा

४२ − १७ = ३५. दुसरीच्या वह्यांत हे उत्तर मला दरवर्षी सापडतं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून पोरं सरळ सातातून दोन घालवतात. पूर्वी मी तेच गणित फळ्यावर पुन्हा सोडवायचे, जरा मोठ्या आवाजात. आवाज वाढायचा, उत्तर ३५च राहायचं.

आता मी काड्या काढते. दहा-दहाचे चार गठ्ठे, दोन सुट्या. "यातल्या सतरा दे." मूल एक गठ्ठा देतं, दोन सुट्या देतं आणि थबकतं. अजून पाच हव्यात. इथे आपण गप्प बसायचं. (माझा हात गठ्ठ्याच्या रबराकडे जातोच.) त्याने स्वतः रबर काढलं की हातचा त्याला कळला, नाव नंतर सांगा. पुढच्या गणितापासून आधी गठ्ठा सोडायचा, मग काड्या काढायच्या, आणि सोडताक्षणी वहीत ४ खोडून ३, २ खोडून १२ लिहायचं. हे शेजारी-शेजारी झालं नाही, तर काड्या हा वेगळा खेळ होतो आणि वजाबाकी वेगळी राहते.

मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या मांडणीत साधारण सात ते अकराचं मूल तर्क करतं, पण समोरच्या वस्तूंच्या आधाराने. मानसशास्त्रज्ञ ब्रूनरचा शिकण्याचा क्रम कृती, चित्र, चिन्ह असा. म्हणून काड्यांनंतर वहीत गठ्ठ्यांसाठी चौकोन आणि सुट्यांसाठी रेघा, उभी मांडणी शेवटी. घाई बहुधा मधल्या पायरीवर होते.

मदत किती करायची? एकट्याला जमत नाही पण आधार दिला तर जमतं, त्या टापूत शिकवा, असं मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीचं म्हणणं. मी समासात आकडा टाकते: आपण होऊन जमलं तर ०, एका प्रश्नावर १, काड्या दिल्यावर २, मी सोबत बसल्यावर ३. आठवडाभर तीनच राहिला, तर मी चुकीच्या पायरीवरून शिकवतेय. मग एकअंकी वजाबाकीपर्यंत मागे जाते.

एक मात्र मला उशिरा उमगलं. १९७४ साली रोझ आणि ब्लँक या संशोधकांनी सहा वर्षांच्या मुलांना 'दोन रांगांत सारख्याच वस्तू आहेत का?' हा प्रश्न नेहमीसारखा रांग बदलण्याआधी आणि नंतर असा दोनदा न विचारता, बदलल्यावर एकदाच विचारला, तर चुका कमी झाल्या. दुसऱ्यांदा विचारलं की आपलं चुकलं असणार, असं मुलांना वाटतं. म्हणून "नक्की ना?" बंद. "कसं काढलंस?" विचारा, आणि बरोबर उत्तरालाही विचारा.

परवा एकीला तेच विचारलं. तिने लगेच खोडरबर उचललं. उत्तर २५ होतं.