मिरची मशीनमध्ये घालण्याआधी

सांगलीत कुंडीतली मिरची लाल व्हायला लागते ती बरोबर पावसाळ्यात. गच्चीत पसरावी तर दुपारी सर येते, घरात पसरावी तर दमट हवेत ती नुसती लोळत पडते. म्हणून डिहायड्रेटर, म्हणजे गरम हवेने वाळवणारं विजेचं मशीन. गेल्या पावसाळ्यात मी मिरच्या अख्ख्याच आत घातल्या. वरून लालभडक, हाताला कडक. फोडल्या तर आत राखाडी बुरशी. सगळा माल कचऱ्यात गेला. तेव्हा यंदा बाकी काही विसरलात तरी भागेल, पण चीर द्यायला विसरू नका.

धुणं-पुसणं सांगायला नको. पाणी मात्र पुरतं निथळू द्या, ते वाळवायला वीज कशाला जाळायची? मऊ पडलेली, डागाळलेली, अळीचं भोक असलेली मिरची सरळ बाजूला. हिरव्या राहिल्या असतील त्यांचा ठेचा करा, पिकलेल्या तेवढ्याच वाळवा.

हातमोजे घाला. "आम्हाला सवय आहे" म्हणणाऱ्यांनी तर घालाच. तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरांत असतो, आणि चिरताना बोट नेमकं तिथेच लागतं. तो पाण्याने सुटत नाही. आधी हाताला तेल चोळा, मग भांड्याचा साबण. डोळ्यात लेन्स घालणाऱ्यांनी हे काम दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारावं.

आता चीर. मिरचीच्या सालीवर मेणचट थर असतो, तो आतलं पाणी सहजी बाहेर सोडत नाही. साल आधी वाळते, पोकळीतली वाफ आत कोंडते, आणि बुरशीला तेवढंच हवं असतं. देठाजवळून टोकापर्यंत एक उभी चीर द्या, दाबली की आतल्या बिया दिसल्या पाहिजेत. सुईने टोचे मारून होत नाही. देठ काढला म्हणजे चीर झाली असंही नाही. लवंगी बारीक आहे म्हणून सोडायची नाही, तिलाही चीर. जाड सालीची असेल तर सरळ दोन फाका. कंटाळा येतो, मान्य. टीव्हीसमोर बसून चिरा, पण चिरा.

मशीन स्वयंपाकघरात ठेवू नका. तासाभरात घरभर ठसका उठतो, आणि दम्याचं माणूस असेल तर चेष्टा नाही. वरची रिकामी खोली, खिडक्या उघड्या, दार बंद. पावसाचे तुषार मशीनवर येणार नाहीत एवढं बघा. ट्रे काढायच्या आधी मशीन बंद करून थोडं थांबा, लगेच तोंड पुढे नेऊ नका.

मिरच्या एकमेकींवर चढवू नका, चिरलेली बाजू वर. तापमान ५५ अंशांच्या आसपास. लवकर व्हावं म्हणून ७० वर नेलंत तर रंग काळपट पडेल आणि चटणीला ती लाली येणार नाही. चिरलेल्या मिरचीला आठ ते बारा तास धरा, दमट दिवशी त्याहून जास्त. मधे ट्रे खालीवर करा. ५०० वॅटचं मशीन दहा तासांत फार तर ५ युनिट खाईल. सकाळी लावा, रात्री उठून बघायला कुणी जात नाही.

झाली का, ते गरम असताना कळत नाही. एक बाहेर काढून गार होऊ द्या, मग मोडा. कटकन तुटली तर झाली. वाकली तर परत आत. सगळ्यात जाड आहे तीच तपासा. आणि हो, एखादी चिरायची राहून गेलेली दिसली तर ती बरणीत टाकू नका, कितीही कडक वाटो.

पुरती गार झाली की काचेच्या बरणीत, थोडी मोकळी जागा ठेवून. आठवडाभर रोज हलवा. काचेला आतून दमटपणा दिसला तर परत मशीनमध्ये. बुरशी दिसली तर अख्खी बरणी फेका. तिच्यातलं विष भाजल्याने जात नाही. कुटायचं ते लागेल तसं, मिक्सरचं झाकण लगेच उघडू नका. किलोभर ओल्या मिरचीची पाव किलोच्या आसपास उरते, तेव्हा वर्षाच्या चटणीसाठी संकेश्वरी-ब्याडगी उन्हाळ्यात बाजारातूनच आणा.